फिनलंडचं सुतक

आमचे काका रागावले की इंग्रजीत बोलायचे. एरवी त्यांचं मराठी इतकं नेटकं, की त्यांच्यासमोर "अरे यार, ती फाइल सेंड कर ना" असं म्हणताना आम्ही पोरंपोरी आवाज जरा खाली घ्यायचो. पण राग आला की मराठी बंद. "काइंडली सी मी आफ्टर लंच," एवढं म्हणून ते जागेवर जाऊन बसत, आणि ज्याला म्हटलं असेल त्याच्या घशाखाली डबा उतरत नसे. माझ्याशी ते एकदा अख्खा आठवडा इंग्रजीत बोलले होते.

काका माझे कोणी लागत नव्हते. नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. रक्त तपासणाऱ्या लॅबना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. नमुना आला की नोंद करायची, तपासणी झाली की रिपोर्ट छापून द्यायचा, असं ते काम. कंपनीच्या मालकीणबाईंना आम्ही मॅडम म्हणायचो, आणि मॅडमसकट सगळे या गृहस्थांना काका म्हणायचे. ते आधी एका सरकारी कारखान्याच्या संगणक विभागात होते. कारखाना बंद पडला आणि ते आमच्याकडे आले. मी डोंबिवलीची, तेही डोंबिवलीचे. माझी पहिली नोकरी, आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी.

सॉफ्टवेअर म्हणजे सगळं आपणच लिहितो असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं. तारीख नीट छापायला एक तुकडा, पीडीएफ बनवायला एक तुकडा, असे शेकडो तुकडे जगभरातल्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेले असतात. त्यांना पॅकेज म्हणतात. संगणकावरच्या काळ्या खिडकीत एक कमांड टाइप केली की ती सगळी उतरून आपल्याकडे येतात. येताना मध्येमध्ये पिवळ्या ओळी उमटतात, त्या वॉर्निंगा. अमुक पॅकेज आता डेप्रिकेटेड आहे, म्हणजे त्याला वाली राहिलेला नाही, वापरू नका. काका त्याचं मराठी करायचे, "अजून चालतंय, पण भरवसा ठेवू नका." या ओळींनी काम अडत नाही, म्हणून जगात कोणी त्या वाचत नाही. आमचे काका वाचायचे. खुर्चीवरून उठून, हात मागे बांधून, लग्नपत्रिका वाचावी तशी पहिल्यापासून शेवटपर्यंत.

ती कमांड देण्याआधी ते टेबलाखाली चपला काढून ठेवत. प्रथमेश म्हणून आमच्यात एक होता, सगळ्यांची नक्कल करणारा. त्याने एकदा हे काय म्हणून विचारलं. काका म्हणाले, लोकांच्या घरून सामान आणतोय आपण, चपला घालून आत कशाला शिरायचं. प्रथमेश हसला, पण पुढे कित्येक महिने कमांड देताना त्याचेही पाय आपसूक बुटातून बाहेर यायचे, हे मी पाहिलंय.

पिवळी ओळ दिसली की काका ते पॅकेज बदलून दुसरं घालत. त्यात नवल नाही, ते कामच आहे. पण बदलण्याआधी, ज्याने ते लिहिलं त्याने का सोडलं याचा ते शोध घेत. आणि डबा खाताना आम्हाला सांगत, की तारखांचं पॅकेज लिहिणाऱ्या ब्राझीलच्या बाईंना जुळं झालं, आता कुठला वेळ मिळणार. रंगांचं पॅकेज करणाऱ्याने मधमाश्या पाळल्या. त्या माणसांबद्दल ते असे बोलत, जणू सगळे डोंबिवलीतच, रामनगरात नाहीतर मानपाडा रोडला राहतात. मग ते त्या माणसाला कारखान्याच्या काळातल्या इंग्रजीत निरोप पाठवत, की आपलं पॅकेज आम्ही इतकी वर्षं वापरलं, आज काढत आहोत, आपले आभारी आहोत. उत्तर बहुधा येत नसे. आलं नाही तरी त्यांना काही वाटत नसे.

रस्त्यावरही तेच. जवळच्या गल्लीत मोबाइलची कव्हरं विकणारं एक दुकान होतं आणि वर पाटी मात्र जुन्या टेलरची. काका आत जाऊन त्याला म्हणाले, टेलर कुठे गेला ते पाटीवर लिहा. तो म्हणाला, गेला असेल गावाला, मला काय करायचंय. काका म्हणाले, बंद झालं एवढंच सांगून चालत नाही, माणसाने पुढे कुठे जायचं तेही सांगावं लागतं. वाद वाढला आणि काका इंग्रजीवर आले. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं.

मी एकदा गुन्हा केला तो असा. एका मोठ्या लॅबसमोर प्रात्यक्षिक होतं आणि पडद्यावर पिवळं काही दिसू नये असं मॅडमना वाटत होतं. त्या ओळी दिसूच नयेत अशी एक सोय असते. ती मी चालू केली. स्वच्छ काळा पडदा बघून सगळे खूश झाले. काका मात्र पडद्याकडे बघत राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून मला "गुड मॉर्निंग" म्हणू लागले. आठवड्याने मी ते बदललं, सगळ्या ओळी पुन्हा दिसू लागल्या, तेव्हा ते मराठीत म्हणाले, "अगं, तू वाचायचं बंद केलंस. लिहिणाऱ्याने लिहायचं थांबवलं नव्हतं."

आता फिनलंडवाल्याकडे येते.

शहापूर, मुरबाडकडच्या काही लॅबना रिपोर्ट मराठीतून लागायचे. आणि मराठी छापताना कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे अशा नावांचा बोऱ्या वाजायचा. त्यातला तो पापणीसारखा र कधी उडायचा, कधी रफार होऊन भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसायचा. एका कऱ्हाडे आजींचा रिपोर्ट नाव चुकलं म्हणून दवाखान्याने परत पाठवला होता, त्यात आजींचे उपचार लांबले. काकांनी ते मनाला लावून घेतलं. अक्षरं जोडणारं ते पॅकेज फिनलंडमधल्या एका माणसाने लिहिलं होतं. त्याला मराठीचं अक्षरही येत नव्हतं. नुसती जोडाक्षरांची ओढ. काकांनी त्याला सुवाच्य अक्षरात शब्द लिहून, त्यांचे फोटो काढून पाठवले, र कुठे वळतो ते बाण काढून दाखवलं. त्याने खपून ते दुरुस्त केलं. पहिला बरोबर छापलेला कऱ्हाडे काकांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला. तेव्हापासून दोघांचं अधूनमधून लिहिणं चाललेलं असे. तो एकटा राहतो, जवळचं कोणी नाही, हे काकांना त्यातूनच कळलं होतं.

त्या वर्षी नवीन अडचण आली. दुसऱ्या वेलांटीवर अनुस्वार आला की तो सरकत होता. काकांनी फिनलंडला कळवलं. उत्तर नाही. त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. नंतर दुसरं पाठवलं. काकांच्या भाषेत स्मरणपत्र म्हणजे "आपल्या सोयीने" असं लिहिलेलं, पण शेवटी ते स्मरणपत्रच.

आणि एका सकाळी मी कमांड दिली, ओळी सरसर वर गेल्या, मी माझ्याच विचारात होते. मागून काका म्हणाले, "वर घे जरा." मी वर घेतलं. फिनलंडच्या पॅकेजपुढे पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, या पॅकेजचा लेखक हयात नाही, यापुढे ते कोणी सांभाळणार नाही.

मी आधी वाचलं आणि मग मला समजलं. मान वळवून पाहिलं तर काकांचे हात मागे बांधलेलेच होते, पण ते वाचत नव्हते. चेहरा असा झाला होता, जणू कोणी त्यांना सगळ्यांसमोर थोबाडीत दिली असावी. ते खाली बसले. पायांनी चपला शोधल्या, सापडेनात, मी वाकून पुढे केल्या. ते उठले आणि कोणाशी न बोलता जिना उतरून गेले.

दोन दिवसांनी मला त्यांच्या घरून काकूंचा फोन आला. मी त्यांना आधी एकदाच भेटले होते.

"अगं, तू यांच्या शेजारी बसतेस ना? ऑफिसात कोण गेलंय?"

मी म्हटलं, कोणी नाही. काकू म्हणाल्या, हे खाली चटईवर झोपतायत, गोड खात नाहीत, देवाला हात लावत नाहीत. विचारलं तर म्हणतात मित्र गेला. त्यांनी काकांच्या सगळ्या मित्रांना फोन करून पाहिले होते. सगळे धडधाकट होते, आणि एक तर फोनवरच चिडला. मी फिनलंडचं सांगितलं. काकूंनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मग फोन ठेवला.

दहा-बारा दिवसांनी काका परतले ते डोक्याचा चकोट करून. मिशीही नाही. दारातून ते आत आले तेव्हा टायपिंग थांबलं. एकेक करून सगळे उभे राहिले. प्रत्येकाला वाटलं, घरचं कोणीतरी गेलं. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काका, घरी कोण..."

"घरचं नाही," काका म्हणाले. "फिनलंडचे."

कोणालाच काही कळलं नाही. मग प्रथमेशच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो फसकन हसला. हसू अर्ध्यात थांबलं, कारण काका त्याच्याकडे रागाने पाहत नव्हते. ते त्याला समजावून सांगत होते. त्याला पुढेमागे कोणी नव्हतं, म्हणाले, तिकडे कोणी काही केलं असेल का ठाऊक नाही. कल्याणला खाडीवर जाऊन त्यांनी दहावं केलं होतं. गुरुजींनी गोत्र विचारलं. ठाऊक नसेल तर काश्यप चालतं, तसं केलं. बापाचं नाव माहीत नव्हतं, तिथे गुरुजी अडले, मग नुसतं "अमुक" म्हणून पुढे गेले. कावळा लगेच शिवला, हे त्यांनी समाधानाने सांगितलं.

हा वेडेपणा आहे की आपल्याला कधीच जमणार नाही असं काहीतरी आहे, ते मला ठरवता येत नव्हतं. दुपारी डब्याच्या वेळी मी त्यांना विचारलं, काका, एवढं का. त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"तो तिकडे आजारी असणार, आणि मी स्मरणपत्रं पाठवत होतो," ते म्हणाले. "एका अनुस्वारासाठी."

त्या पॅकेजच्या जागी दुसरं घालायचं काम मॅडमनी मला दिलं. दुसऱ्यात तो पापणीचा र नव्हता, कऱ्हाडे पुन्हा मोडत होते. काकांनी ठरवलं, जुनंच आपण सांभाळायचं. पण ते करायचं तर ज्याचं आहे त्याच्या वारसांची परवानगी हवी. फिनलंडच्या त्या जुन्याच ईमेल पत्त्यावर त्यांनी "कुटुंबीयांस" म्हणून सांत्वनाचा निरोप पाठवला आणि परवानगी मागितली. काही दिवसांनी उत्तर आलं. खाली नाव नव्हतं. नुसतं विचारलं होतं की व्हिडिओवर बोलता येईल का.

काकांना वाटलं, भाऊबिऊ असेल. ते त्या दिवशी पांढरा शर्ट घालून आले. तिकडचे उच्चार कळणार नाहीत म्हणून त्यांनी मला सोबत बसवलं. आमच्या बैठकीच्या खोलीला खालच्या दवाखान्यातल्या यंत्राची घरघर ऐकू यायची. पडद्यावर चाळिशी ओलांडलेला, विस्कटलेल्या दाढीचा एक माणूस आला. त्याच्या मागच्या भिंतीवर कागदावर छापून काढलेला एक फोटो लावला होता. गोऱ्हे, कऱ्हाड, तऱ्हा. बाण काढलेले. काकांचं अक्षर.

काकांनी हात जोडले आणि पाठ करून आणलेलं वाक्य सुरू केलं, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. त्या माणसाने मध्येच हात वर केला. तो काहीतरी म्हणाला. मी ऐकलं, पण ते वाक्य माझ्या डोक्यात शिरेना.

"काय म्हणतायत?" काकांनी मला विचारलं.

"काका, हे तेच आहेत म्हणतायत."

"तेच म्हणजे?"

"तेच. गेलेले."

काकांचे हात जोडलेलेच राहिले. पडद्यावरचा माणूस खाली मान घालून बोलू लागला आणि मी जमेल तसं काकांना सांगत गेले. त्याचं पॅकेज फार ठिकाणी वापरलं जायचं. रोज ढिगाने मागण्या यायच्या, हे कधी करणार, ते कधी करणार. ओळखपाळख नसलेले लोक शिव्या द्यायचे. त्याची झोप गेली, डॉक्टर झाले, औषधं झाली. मी थांबतोय असं त्याने दोनदा लिहून पाहिलं. लोक विचारत, का थांबताय, मग कोण करणार, निदान एवढं करून जा. शेवटी ज्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारणार नाही असं एक वाक्य त्याने लिहिलं. आणि खरंच सगळं शांत झालं. तो झोपू लागला. आता कुटुंबीयांना म्हणून पत्र आलं, आणि कुटुंबीय कोणी नाहीत, म्हणून त्यालाच यावं लागलं.

मग त्याने काकांकडे नीट पाहिलं. काकांचा मिशीवाला फोटो त्याने पूर्वी पाहिला होता. काही आजार झालाय का, असं त्याने विचारलं. काकांनी मला डोळ्यांनी खूण केली, सांगू नकोस. पण मी सांगितलं. आमच्यात माणूस गेला की असं करतात, हे तुमच्यासाठी केलंय. त्याला पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तो पडद्यावरून उठून गेला. रिकामी खुर्ची आणि मागचा कागद तेवढा दिसत राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो म्हणाला, मी गेलो म्हटल्यावर लोक दुसरं पॅकेज शोधतील, एवढंच मला वाटलं होतं.

काकांनी घसा खाकरला आणि स्वतः इंग्रजीत बोलले. दोन स्मरणपत्रं पाठवली त्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. तो म्हणाला, तुमची पत्रं त्रासाची नव्हती, पण त्या ढिगात तीही होती. खोटं गोड बोलला नाही. हे कोणाला सांगू नका, अशी त्याने विनंती केली. काकांनी शब्द दिला. पॅकेजच्या किल्ल्या, म्हणजे ते बदलण्याचे अधिकार, त्याने काकांच्या हवाली केल्या, लेखक हयात नाही ही पिवळी ओळ मात्र तशीच राहील असं ठरलं.

पडदा बंद झाल्यावर काका उठेनात. टाळूवर उगवू लागलेल्या खुंटांवरून त्यांनी हात फिरवला.

"क्षणभर मला त्याचा राग आला," ते म्हणाले. "हा जिवंत का, म्हणून. एवढं सगळं केलं, आणि हा जिवंत. माझ्या मनात असं येऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं."

मग ते म्हणाले, आजवर आळशी वॉर्निंगा पाहिल्या, अर्धवट पाहिल्या, खोटी पहिल्यांदाच पाहिली. आणि ती मला आता जपायची आहे.

त्यानंतर जे झालं त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मॅडमना काकांचं ते सगळं फार लागून राहिलं होतं. त्यांनी एका दुपारी कंपनीच्या पानावर काकांवर लिहिलं. चकोट केलेल्या काकांचा, काम करतानाचा, पाठमोरा फोटो. आमच्याकडे पॅकेजमागचा माणूसही आपला मानतात, फिनलंडचा एक लेखक वारला तर आमच्या काकांनी सुतक पाळलं. तासाभरात लोकांनी ते डोक्यावर घेतलं. अनोळखी माणसं डोळे पाणावले म्हणून लिहीत होती. एका नव्या लॅबने फोन करून चौकशी केली. प्रथमेशने ते काकांना कौतुकाने दाखवलं. आता त्याच्या वागण्यात चेष्टा उरली नव्हती.

काकांनी वाचलं आणि सरळ केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं.

"मॅडम, काइंडली रिमूव्ह इट."

मॅडम गोंधळल्या. म्हणाल्या, काका, चांगलंच लिहिलंय तुमच्याबद्दल, लोक किती भरभरून बोलतायत बघा. काका म्हणाले, हे काढलं पाहिजे. मॅडमनी विचारलं, पण का. मी माझ्या जागेवरून पाहत होते. या माणसाने आयुष्यभर प्रत्येकाला हाच प्रश्न विचारला होता, कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी माणसाने का सोडलं ते शोधून काढल्याशिवाय तो राहत नसे. आता तो प्रश्न त्यांच्यापुढे आला आणि त्यांच्याकडे उत्तर असून देता येत नव्हतं. ती पोस्ट आणखी पसरली असती तर कोणीतरी चौकशी करत फिनलंडच्या त्या दारापर्यंत पोचलं असतं. आणि नसतं पोचलं, तरी खोट्यावर मिळणारी शाबासकी काकांना पचली नसती.

"कारण सांगता येणार नाही," ते मराठीत म्हणाले.

"मग मी तरी कशी काढू, काका?"

काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत, गप्प बस, एवढंच होतं. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून मॅडमच्या टेबलावर ठेवलं, बरं येतो म्हणाले आणि निघाले. स्वेटर, चहाचा मग, काचेखालचा तो रिपोर्ट, सगळं जिथल्या तिथे राहिलं. आम्ही सगळे खिळल्यासारखे बसून होतो. निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते त्यांच्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी त्यांनी पोस्ट काढली आणि काकांना फोन केला. काका त्यांच्याशी प्रेमाने बोलले, पण आले नाहीत. मॅडमनी मला दोनदा विचारलं, तुला काही माहीत आहे का. मी नाही म्हणाले. शब्द त्यांनी दिला होता, पण त्या खोलीत मीही बसले होते.

काकांचं राहिलेलं सामान घेऊन मी त्यांच्या घरी गेले तेव्हा नेमकी सर्वपित्री होती. हे मला दारात गेल्यावर वासावरून कळलं. वडे तळत होते. काकूंनी मला परत जाऊ दिलं नाही, जेवूनच जा म्हणाल्या. काका खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसले होते. केस पुन्हा आले होते, मिशी मात्र विरळच होती. अनुस्वार त्यांनी जागेवर आणला होता, तो मला दाखवला. पॅकेज सांभाळायला कोणीतरी आहे हे जगाला कळलं होतं, आणि आता ढिगाने मागण्या त्यांच्याकडे येत होत्या. एक जण त्यांना बरंच वाईट बोलला होता. काकांनी त्याला कारखान्याच्या इंग्रजीत सविस्तर उत्तर दिलं होतं.

काकूंनी पानं घेतली. सासूबाईंचं, सासऱ्यांचं, मोठ्या दिरांचं, आणि शेजारी आणखी एक. वडे, खीर, अळू, आमसुलाची चटणी, सगळं त्या एका पानातही वाढलं.

"हे त्या फिनलंडच्याचं," काकू मला म्हणाल्या. "तेव्हा मी फार बोलले यांना. महिनाभर धड बोलले नाही. मग वाटलं, यांना एवढं वाटलं तर माणूस चांगलाच असणार. पुढेमागे कोणी नाही म्हणतात. आपण वाढायला काय जातंय." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "तिखट चालायचं का हो त्याला? तुम्ही काही सांगतच नाही."

काकूंनी चारही पानं उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि पाण्याचं बोट फिरवलं. काका बघत होते. त्यांचा चेहरा मी त्या पिवळ्या ओळीच्या सकाळी पाहिला होता तसा झाला. मला वाटलं, ते उठून आत जातील.

"अगं," ते म्हणाले, "तो जिवंत आहे."

काकूंचा हात तसाच राहिला. काकांनी सगळं सांगितलं, अगदी हळू, एखादा आरोप कबूल करावा तसं. खोटं का लिहिलं, व्हिडिओवर काय झालं, नोकरी का सोडली. मला वाटत होतं, आता काय होतंय. जिवंत माणसाचे दिवस घातले, त्याला पितरांच्या पंगतीत बसवलं, नवऱ्याने घरात एवढं लपवलं. काकू खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं. स्वयंपाकघरात कढी उतू गेल्याचा वास आला तरी त्या उठल्या नाहीत.

"झोप लागते का आता त्याला?" त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, लागते म्हणतो.

त्या दिवाळीनंतर त्या माणसाने आपणहून काकांना ती पिवळी ओळ काढायला सांगितली. जे खरं होतं ते चार वाक्यांत लिहिलं, म्हणून मी हे सांगू शकते. मॅडम दुसऱ्याच दिवशी काकांच्या घरी गेल्या. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी काकू उठल्या, कठड्यावरच्या चार पानांतलं शेवटचं पान उचलून त्यांनी आत आणलं आणि काकांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे तुम्ही खा," त्या म्हणाल्या. "आणि त्याचा पत्ता द्या मला. दिवाळीचा फराळ पाठवायचा तर आत्तापासूनच विचारून ठेवायला हवं, पार्सल किती दिवसांत पोचतं ते."